साडेसहा हजार किलोमीटर आणि चाकणचा चौक

मुलीचे दिवस भरत आले होते आणि ती होती फ्रँकफर्टला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली, म्हणून माहेरानंच, म्हणजे माझ्या बायकोनं, तिकडं जायचं ठरलं. वेळापत्रक अर्थातच मी आखलं. चाकणच्या कंपनीत पंचवीस वर्षं माल रवाना करतोय. घरात याहून मोठा जाणकार कोण? मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर, साधारण नऊ तास.

आता आमच्या खात्यात ट्रक गेटबाहेर पडला, की रजिस्टरात माल 'गेला'. पुढं तो रस्त्यात किती वेळ उभा राहतो, ते ड्रायव्हर जाणे. त्याच सवयीनं मुंबईपर्यंतच्या रस्त्याला मी ढोबळ चार तास टाकले आणि निघायच्या दिवशीही सकाळच्या शिफ्टला गेलो. सोबत बायकोचा पासपोर्ट नेला, कारण ऑफिसातल्या मशीनवर रंगीत झेरॉक्स झकास निघते.

शिफ्ट सुटली. कंपनीची बस चौकात येऊन जी थांबली, ती थांबलीच. तासाभरानं पिंपळे सौदागरहून बायकोचा दुसरा फोन आला.

"कुठं आहात?"

"चौकात."

"मघाशीही चौकातच होतात!"

"चौक मोठा आहे गं."

"अहो, टॅक्सी खाली उभी आहे. पोरगी तिकडं एकटी आहे. मी काय दाखवून विमानात बसू? तुमचा फोटो?"

बसच्या पुढं आडवा अडकलेला कंटेनर आमचाच होता. दुपारी मीच सही करून सोडलेला. माझ्या रजिस्टरात तो केव्हाच गेला होता.

बसचा ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "सायेब, उतरा अन् कुनाच्या तरी मोटारसायकलीवर बसा. ह्यो जाम आज फुटत न्हाई."

उतरलो. दुधाचे कॅन लावलेल्या एका मोटारसायकलवाल्याला हात केला. "बसा, पण घट्ट धरा. आमी शेतातनं जानार हाय," तो म्हणाला. मी दोन्ही हातांनी पासपोर्टची बॅगच धरली. त्यामुळं मोशीपर्यंत दोनदा पडता पडता वाचलो.

त्यानं नाशिक फाट्याला सोडलं, तोवर बायको टॅक्सी घेऊन तिथपर्यंत आली होती. खिडकीतून पासपोर्ट घेतला, उघडून आधी आपलाच फोटो आहे ना ते बघितलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात कमावलेला विश्वास तो!

"मीही येतो मुंबईपर्यंत," मी म्हणालो.

"नको. तुम्ही बसलात की अडकायचंच नशिबी येतं. घरी जा. आणि आंघोळ करा, दुधाचा वास येतोय."

विमान मिळालं. चौथ्या दिवशी नात झाली. बायकोनं व्हिडिओवर बाळ दाखवलं तेव्हा मी पुन्हा बसमध्येच होतो. "बघा हो, आमची नात!" म्हणत फोन शेजाऱ्याच्या हातात दिला. सगळ्यांनी कौतुक करत तो मागच्या सीटपर्यंत फिरवला आणि परत माझ्याकडं आणून दिला, तरी बस जागची हलली नव्हती.