शेवटच्या घागरीचं पान

आमच्या गावात वाचनसंस्कृती रुजली ती एका माणसाच्या तपश्चर्येमुळे, असं शाळेच्या भिंतीवरच्या फलकावर कोरलेलं आहे. फलकावर टँकरचा उल्लेख नाही.

तो माणूस म्हणजे गावच्या विकास सोसायटीचे निवृत्त सचिव. "रीतसर होऊ द्या" हे त्यांचं पालुपद. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चहासुद्धा ठराव झाल्यासारखा पितात.

सिरसाळ्याकडच्या आमच्या गावाला त्या उन्हाळ्यात पाणी टँकरने यायचं. मोठी माणसं रोजगार हमीच्या कामावर, म्हणून लिंबाखाली हंडे-घागरींच्या रांगेजवळ पहिली-दुसरीची पोरं राखणीला बसायची. एवढी पोरं आयती बसलेली पाहून सचिवांनी वाचनगट स्थापन केला. मी शाळेत मास्तर, म्हणून गोष्टींची पुस्तकं माझ्याकडून गेली. नियम मात्र सोसायटीतून आले. सभेला दहा पोरांची गणपूर्ती हवी. ती नसेल तर सभा तहकूब. अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरणार, आणि तेव्हा गणपूर्ती लागणार नाही.

वाचायचा क्रम रांगेतल्या भांड्यांचा. ज्याचा हंडा पहिला, त्याचं पान पहिलं. टँकर आला की वाचन बंद. रोजची सभा नवी, म्हणून दुसऱ्या दिवशी सुरुवात पुन्हा पहिल्या हंड्यापासून.

दुसरीतल्या एका मुलीची वस्ती लांब. तिची घागर कायम शेवटी. तिची पाळी यायच्या आत टँकर यायचा. पंधरा दिवस ती एकच पान मनात घोकत होती.

"आबा, माझीच बारी कावून येत न्हाई?"

"लेखी अर्ज द्या. रीतसर होऊ द्या."

तिने पाटीवर अर्ज आणला : उद्या मागून वाचावे. सचिवांनी तो सभेपुढे ठेवला. बहुमत पुढच्या हंड्यांचं होतं. अर्ज फेटाळला गेला. पोरीने पाटी थुंकीने पुसली. सचिव बराच वेळ टोपी झटकत बसले. टोपीवर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आधीचा पोरगा वाचत असतानाच टँकरचा भोंगा वाजला. पोरं पळाली. तीही उठली.

"बसा. गणपूर्ती मोडली, सभा तहकूब. अर्ध्या तासाने तुम्ही वाचणार."

"आन् पाणी? माय मारंल मला."

सचिवांनी तिची घागर उचलली आणि ते पांढऱ्या धोतरानिशी रांगेच्या शेवटी उभे राहिले. भोंगा ऐकून घरातून आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"सचिव, पान्याचा ठराव झाला का?"

"झाला."

अर्धी घागर धोतरावर सांडवत ते परत आले. घड्याळ पाहून म्हणाले, "वाचा." तिने अडखळत, पण पूर्ण पान वाचलं. सचिवांनी वहीत लिहिलं : उपस्थिती एक. वाचन सर्वानुमते मंजूर.

पाच वर्षांनी सचिव वारले. फलकाच्या अनावरणाला साखर कारखान्याचे एक संचालक आले. त्यांनी 'तपश्चर्या' हा शब्द चौथ्यांदा उच्चारला, तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि सतरंजी रिकामी झाली. ती मुलगी आता सातवीत. घागर उचलताना ती वळून म्हणाली, "साहेब, गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब. अर्ध्या तासानं हितंच."

संचालक थांबले नाहीत. त्यांना पुढच्या गावात टँकरचं उद्घाटन करायचं होतं.