अंगठीजवळ गेलं की २.८ चं ५.६

कॉलेज सोडून करोल बागेतल्या साठेकाकांच्या स्टुडिओत लागलो, तेव्हापासून किस्से धुळीसारखे साचतायत. आम्ही मॅक्रो लेन्सने दागिन्यांचे फोटो काढतो, अगदी नाकाला नाक लावून. तिथे धूळ पुसावी तेवढी जास्त दिसते! बाबांची अट एकच, "ही नोकरी गेली की मुकाट्याने कॉलेजात परत." बाबा सरकारी ऑफिसात, काका तिथूनच रिटायर झालेले. माझं नशीब बघा!

*

पहिल्याच आठवड्यात एका अंगठीचा फोटो काढला. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडं, २.८ वर. इतक्या जवळून फोकस कागदाएवढा पातळ होतो. हिऱ्याची एक कड लखलखीत, बाकी धुकं. मला जाम आवडला.

काका ओरडले, "गिऱ्हाईक अख्खी अंगठी घालणार आहे, कड नाही! चष्मा बदल!"

चष्मा मला नाहीच. त्यांना आहे!

*

मग आदेश निघाला. "३२ वर ठेव. छिद्र जितकं बारीक, तितकं सगळं शार्प. तू जन्मायच्या आधीपासून फोटो काढतोय मी."

मी म्हटलं, काका, फार बारीक केलं की प्रकाश फाकतो, सगळंच मऊ पडतं. ऐकतो कोण!

दागिने पाठवणाऱ्या खन्ना आंटी स्क्रीन बघून हबकल्या. "भाईसाहब, मैंने तो हीरे भेजे थे. ये मिश्री किसकी है?" हिऱ्यांची खडीसाखर झाली होती!

*

३२ वर उजेड पुरेना, म्हणून शटर बराच वेळ उघडं. पंख्याने हार हलतो, म्हणून काकांनी ऐन जूनमध्ये पंखा बंद केला. स्वतः वाकून बघायला गेले आणि नाकावरचा घाम थेट पेंडंटवर!

फोटो तसाच गेला. आंटींचा फोन आला, "यार, ये बीच वाला मोती हमारा नहीं है!"

*

आणि हा सगळ्यात कडक. एकदा काकांनी स्वतः कॅमेरा धरला. २.८ लावलं, अंगठीजवळ गेले. स्क्रीनवर ५.६! मागे सरकले, आकडा उतरला. पुढे गेले, परत ५.६.

मॅक्रो लेन्स अशीच वागते. जितकं जवळ जाल तितका प्रकाश कमी पोचतो, आणि आमचा कॅमेरा तो खरा आकडा दाखवतो. हे सांगेपर्यंत काका लालबुंद.

"लेन्स पाडलीस! खरं सांग!"

"कसम से काका, नाही पाडली. सगळ्यांची अशीच..."

"मला शिकवतोस? बारावी पास! नवी लेन्स मागवतो. तिच्यात असं झालं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

वर बाबांना फोन. बाबांनी मला एका शब्दाने न विचारता कपाटातून माझी कॉलेजची पुस्तकं काढून ठेवली!

नवी लेन्स आली. मला दाराशी उभं केलं, बाबा साक्षीला. डब्याचं सील काकांनीच फोडलं, लेन्स काकांनीच लावली. २.८. काका अंगठीकडे सरकले. ३.५... ४... ५.६.

बाबा आळीपाळीने स्क्रीनकडे आणि काकांकडे बघतायत. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे वळले.

"डब्याला हात कधी लावलास?"