दोन बोटं जास्तीची जाळी

सकाळपासून हवा अशी कोंदली होती की झाडाचं पान हलेल तर शपथ. त्यात मास्तरांनी इस्त्री तापवली, एका कोटाच्या बाहीवर ओलं फडकं टाकलं आणि खोलीभर वाफ करून ठेवली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. शाळेतल्या मास्तरांना निदान सुट्टीत तरी गप्प बसता येतं.

"अहो, दार उघडा की जरा. जीव घुसमटलाय," आतून बाईंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा आवाज आला.

"उघडतो की. डास आत आले की डॉक्टरांना काय सांगायचं ते मात्र तू सांग."

आतला आवाज बंद झाला. दारही बंदच राहिलं.

हे दार म्हणजे साधंसुधं नव्हतं. मागचं लाकडी दार कुजलं तेव्हा लेकीने हट्टाने तिथे फ्रेंच डोअर बसवून घेतलं होतं. दोन झडपा, वरपासून खालपर्यंत काच, आणि दोन्ही झडपा बाहेर अंगणात उघडणाऱ्या. त्यात फ्रेंच ते काय, हे मास्तरांना कधी कळलं नाही, पण गिऱ्हाइकांना ते रोज समजावून सांगत. बाई मात्र काही न समजावता दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि वाऱ्यात, उजेडात कोटांना काजं करायच्या. मास्तरांच्या कोटांचं नाव लांबवर होतं. काजांचं तर त्याहून जास्त होतं, आणि तेही मास्तरांचंच होतं.

मग बाईंना डासांचा ताप आला. चांगल्या अंथरुणाला खिळल्या. उठल्या तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा डास चावता कामा नये." दार बंद झालं. आणि नवऱ्याची माया बघा, बायकोची खुर्ची रिकामी दिसते म्हणून मास्तरांचं काळीज इतकं तुटलं, की त्यांनी आपलं कापायचं टेबल ओढत आणून थेट चौकटीला भिडवलं.

"कात्रीला उजेड लागतो," ते म्हणाले.

"आणि सुईला काय लागतं?"

"सवय."

तेव्हापासून बाई स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली काजं करत होत्या. डोळ्यांना धार लागायची. मास्तर म्हणायचे, कांदा चिरत असेल.

बाईंना फार काही नको होतं. उघडं दार हवं होतं आणि दाराशी आपली खुर्ची. शेवटी लेकीनेच फोनवर तोडगा काढला, "गुंडाळणारी जाळी लावा. हवी तेव्हा ओढायची, नको तेव्हा जाते पेटीत." मास्तरांनी विचार करायला घेतला. मास्तर विचार करायला बसले की घरातली माणसं आधी जेवून घेतात. या वेळी तर उन्हाळा संपत आला. मग एके दिवशी बाईंनी पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मी चाललेय जाळी बघायला. तुम्ही बसा विचार करत." बायको आपल्याशिवाय एखादी वस्तू पसंत करणार, या धास्तीने मास्तर अनवाणीच दारापर्यंत आले.

दुकानात जाळीवाल्याने तीन नमुने दाखवले. एक वरून खाली ओढायचा, एक एका बाजूने दुसरीकडे न्यायचा. तिसऱ्यात दोन जाळ्या, दोन्हीकडून निघून मधोमध लोहचुंबकाने एकमेकींना चिकटणाऱ्या.

"न भांडता?" मास्तरांनी विचारलं.

"जाळ्या आहेत त्या," बाई म्हणाल्या. "नवरा-बायको नव्हेत."

तिसरा नमुना बाईंना तिथेच पसंत पडला. म्हणून मास्तरांनी आणखी चौकशा सुरू केल्या. जाळीचं टोक अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं, उजेडात धरलं, नाकाशी नेलं. जाळीवाला बघत राहिला. त्याच्या जाळीचा वास आजवर कुणी घेतला नव्हता.

"पहिल्या पाण्यात आटते का?"

"काका, फायबर आहे. कशाला आटेल?"

"सगळे असंच म्हणतात. पाण्यात घातल्यावर कळतं कोण किती रुंद ते."

मग रंगाचा घोळ. काळी, करडी की पांढरी? काळ्या जाळीतून बाहेरचं स्वच्छ दिसतं, असं जाळीवाला म्हणाला. मास्तरांनी त्याला कोटाच्या अस्तराचा रंग कसा निवडावा यावर बौद्धिक दिलं. ते रंगात आलेले बघून बाईंनी हळूच विचारलं, "आणि समजा, जाळी मापापेक्षा मोठी झाली तर?"

"मग चौकटीत नाही जायची, काकू. खोलीच्या आतून भिंतीवर बसवावी लागेल. दोन्ही बाजूचं सामान हलवावं लागेल. पण होत नाही तसं, मी येतो ना माप घ्यायला."

माप हा शब्द कानावर पडताच मास्तर गर्रकन वळले.

"तू माप घेणार? माझ्या घरात?"

"दाराचं, काका."

"अरे, वाकलेल्या, सुटलेल्या, श्वास रोखून पोट आत घेणाऱ्या माणसांची मापं घेतली मी आयुष्यभर. दार तर सरळ उभं असतं."

जाळीवाल्याला उन्हातली एक खेप वाचत होती. "तुम्ही म्हणाल ते माप," तो आनंदाने म्हणाला.

घरी आल्यावर मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. बाईंनी दुसरं टोक धरलं. मास्तरांचा कडक नियम होता, माप चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. त्यांनी रुंदी घेतली आणि डोळे मिटून तिच्यात दोन्हीकडून दोन-दोन बोटं वाढवली. उंचीतही वाढवली. शिवणीच्या आत थोडं कापड राखायचं, म्हणजे पुढेमागे माणूस सुटला तर उसवून सैल करता येतं, ही त्यांची उभ्या हयातीची सवय. दार सुटेल अशी भीती कुणाला वाटली असती? पण मास्तर बेसावध राहणारे नव्हेत. बाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. नियम म्हणजे नियम.

जाळी आली. जाळीवाल्याने ती चौकटीशी नेली, आडवी धरली, तिरकी धरली, खाली ठेवली.

"मास्तर, दार लहान झालं वाटतं."

"असं कसं? माप माझं आहे."

"तेच म्हणतोय मी."

मास्तरांनी पुन्हा टेप लावली. टेप त्यांच्या बाजूने उभी राहिली नाही. घसा खाकरून ते म्हणाले, "मग आत घे ना. जास्तीचं आत घ्यायला काय लागतं? आम्ही रोज घेतो."

"खालचा रूळ कापीन हो. पण ही पेटी उंचीला कापली तर आतली स्प्रिंगच जाते. जाळी ओढाल तर परत जायची नाही." त्याने मान वळवून बघितलं. "आता भिंतीवरच लावावी लागेल. डावीकडे जागा आहे. उजवीकडे तेवढं हे टेबल..."

मास्तरांनी टेबलावर असा हात टाकला, जणू कुणी म्हाताऱ्या आईलाच घराबाहेर काढायला निघालं होतं. "हे हलणार नाही. उजेड आहे इथे."

"मग जाळी परत नेऊ? मापाने कापलेली आहे, दुकान काही परत घ्यायचं नाही. दुसऱ्या कुणाचं दार एवढं सैल नसतं."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "तू टेप धरली होतीस ना? बोलायचं नाही का?"

"मापात बोलायचं नसतं," बाई म्हणाल्या. "तुमचाच नियम."

आता एकतर टेबल हलवायचं, नाहीतर मास्तरांचं माप चुकलं म्हणून अख्ख्या गल्लीत जाळी नाचवत परत न्यायची. मास्तरांनी टेबल हलवलं. जाळीवाल्याला मात्र दम दिला, "कुणी विचारलं तर सांग, भिंतीवरच बसवतात. फ्रेंच पद्धत आहे."

पेट्या बसल्या. टेबल आतल्या भिंतीला गेलं आणि स्वयंपाकघरातली ट्यूबलाइटही काढून त्याच्या डोक्यावर लावली. दाराशी टेबल मावेल एवढी जागा उरली नव्हती, खुर्ची मात्र बरोब्बर बसत होती. बाईंनी ती आणून ठेवली. दोन्ही झडपा ढकलल्या, जाळ्या ओढल्या. मधोमध टक् असा आवाज झाला आणि वारा आत आला. डास बाहेरून जाळीवर बसून आत बघत राहिले.

बाईंनी कोट मांडीवर घेतला आणि दोरा एका झटक्यात सुईत ओवला.

"दिसतंय का नीट?" आतून मास्तरांनी विचारलं.

"सवय होईल," बाई म्हणाल्या. "तुम्हाला."

मास्तरांच्या टेबलावर एका गिऱ्हाइकाची पॅन्ट पडली होती. माणूस वाळला होता, कंबर आत घ्यायची होती. त्यांनी चष्मा पुसला, ट्यूबलाइटकडे एकदा रागाने बघितलं आणि ब्लेडच्या टोकाने जुनी शिवण उसवायला घेतली.