ताईंची लाल रेघ

वैशालीताई गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये, चाकणच्या सिग्नलला अडकलो होतो. पाठोपाठ साहेबांचा संदेश आला... ‘सर्वांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व हरपलं.’ आज दीड महिना झाला, तरी ते वाक्य माझ्या पचनी पडलेलं नाही. ताईंनी आयुष्यात कुणाला सांभाळून घेतलं नाही. साहेबांना तर मुळीच नाही.

आमची कंपनी छोट्या मालवाहू टेम्पोच्या ब्रेकसाठी इलेक्ट्रॉनिक पेटी बनवते. पेटीत कुठली चिप काय काम करते, निरोप कुठून कुठे जातो, त्याला किती वेळ लागतो, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये चौकोन आणि रेघा काढून मांडायचं. निरोप वेळेत पोचत नसेल, तर सॉफ्टवेअर ती रेघ लाल करतं. खरं तर हे पेटी बनवायच्या आधी करायचं. आमच्याकडे सगळं उलटं : आधी पेटी, मग ग्राहकाला दाखवायला चित्र. ही चित्रं काढायचं काम ताईंचं. रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातल्या त्यांना हे उलटं कधीच पटलं नाही. प्रत्येक चौकोन काढण्याआधी त्या खाली जुळणीच्या लाइनवर जाऊन पेटी उघडायला लावायच्या. लाइनवरचे लोक वैतागायचे. मीही वैतागायचो.

अशाच एका पेटीत त्यांना दिसलं, की चित्रातल्या दोन चिपांची कामं आता एकाच चिपवर टाकली आहेत. खर्च वाचवायला पेटी बदलली, चित्र मात्र जुनंच राहिलं होतं. त्यांनी ते दुरुस्त केलं, तर ब्रेकचा निरोप उशिरा पोचताना दिसला आणि ती रेघ लाल झाली. साहेबांनी गोडीत समजावलं, की ग्राहकाबरोबरच्या बैठकीपुरतं जुनं चित्र राहू द्या, पुढचं पुढे बघू. रागावल्या की ताईंची घरची बोली बाहेर यायची.

“पेटीत जे हाय तेच चित्रात दिसंल. खोटं काढायला मी हितं बसले न्हाई.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंकडचं काम काढून मला दिलं. मी गुपचूप घेतलं. याची मला अजून लाज वाटते...

शेवटचं भेटलो ते त्यांच्या घरी. आजारानं आवाज पार बसला होता. मी तब्येतीचं विचारत राहिलो, त्या रेघेचं विचारत राहिल्या. बैठक पुढे ढकललीय, बघतो काय करता येतं ते, असं मी पुटपुटलो.

“बघू नको. त्यांना दाखव.”

आठवडाभरात त्या गेल्या.

मागच्या सोमवारी बैठक झाली. मी ताईंचं चित्र लावलं. लाल रेघ पडद्यावर आली तसा साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. ग्राहकाकडच्या बाईंनी विचारलं, ही पेटी गाडीत बसवली आहे का? अजून नाही, मी म्हणालो, आणि अशी बसवूही नका. आता माझं काय व्हायचं ते होईल. नोकरी गेली तर गेली.

बाहेर आल्यावर साहेब एवढंच म्हणाले, की चित्राच्या कोपऱ्यात ‘तयार करणारे’ म्हणून ताईंचंच नाव आहे, गेलेल्या माणसाचं नाव बरं दिसत नाही, ते काढ. मी जागेवर येऊन फाइल उघडली. त्यांचं नाव तसंच ठेवलं आणि त्याखाली माझं लिहिलं.