सोळाव्या होलचे पाच

"मॅडम, सोळाव्या होलला माझे पाच झाले व्हते. कार्डावर चार हायेत का?"

शीतल तंबूच्या दारात उभी होती. कार्डावर सही करून तिला जाऊन अर्धा तास झाला होता. मी कार्ड काढलं. चार होते.

मी गोल्फची रेफरी. ही टूर म्हणजे महिलांच्या मोठ्या टूरची खालची पायरी. मोसमभराच्या गुणांवर पहिल्या पाच जणी वर जातात. ही शेवटची स्पर्धा होती आणि शीतल नेमकी पाचवी येत होती. तिचे वडील मारोतीकाका हिंगोलीकडच्या डोंगरकड्याचे. पुण्याच्या एका क्लबात त्यांनी बरीच वर्षं हिरवळ राखली, पोरगी तिथेच खेळायला शिकली. मोसमभर तिचे कॅडी म्हणून तिची बॅग त्यांनीच वाहिली.

गोल्फमध्ये आपला स्कोअर सोबत खेळणारी लिहिते. तिला मार्कर म्हणतात. शेवटी तंबूत येऊन खेळाडूने एकेका होलचा आकडा तपासायचा आणि सही करायची. बेरीज आम्ही करतो, ती चुकली तर चूक आमची. पण एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा राहिला आणि सही करून खेळाडू तंबूबाहेर गेली, तर ती बाद.

मी मार्करला बोलावलं. हरयाणाची, सरळ मुलगी.

"मैंने पूछा था, कितना हुआ? अंकल ने बोला, बराबर."

सोळावा होल चार फटक्यांचा. तेवढ्यातच संपवला की त्याला पार म्हणतात, आणि हिंदी बोलणारे कॅडी पारला 'बराबर' म्हणतात. शीतलने त्याच वेळी वडिलांना विचारलं होतं, "बाबा, पाच ना?" त्याला काका 'बराबर' म्हणाले. आपल्याकडं 'बरोबर'ला म्हणतात तसं. मार्करने चार लिहिले.

ही चूक तंबूत सापडायला हवी होती. माझी पद्धत अशी, की एकेक होल मोठ्याने वाचायचा आणि खेळाडूकडून आकडा वदवून घ्यायचा. त्या दिवशी मी वाचला नाही. मी हिंगोलीची. मोसमभर कानावर न पडलेली बोली ऐकून सुखावले होते. डोंगरकड्यात यंदा हळद कशी आहे, हे विचारत बसले. मग कार्ड पुढं सरकवलं आणि म्हणाले, "बघ गं, बराबर हाय का?"

"बराबर," म्हणत तिने सही केली होती.

पुढे गेटवर ऑटोची वाट बघताना बाप-लेक सवयीने सगळे फटके पुन्हा मोजत होते. तेव्हा तिला शंका आली. कुणीही तक्रार केली नव्हती. ती आपल्या पायाने परत आली होती.

मी स्पर्धेच्या डायरेक्टरांकडे गेले.

"तुम्ही कार्ड वाचून दाखवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"वाचायलाच हवं असं नियमात नाही. सही तिची आहे. बाद करा."

मी सुटले होते, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. बाहेर काका बॅग खांद्यावर घेऊनच उभे होते.

"पाच धरले तरी पोरगी पाचवीच येऊन राहिली ना, मॅडम? मंग पाच लिवा. बाद काहून?"

त्यांचा हिशेब खरा होता. पाच लिहूनही ती वर गेली असती. मी नियम समजावला. शीतल म्हणाली, "बाबा, चला." त्या स्पर्धेचे तिचे सगळे गुण गेले. मोसमाच्या यादीत ती नववी आली.

पुढचा मोसम ती खेळली नाही. दिवाळीला हिंगोलीला गेले तेव्हा मी डोंगरकड्याला जाऊन आले. कार्ड न वाचल्याचं दोघांना सांगितलं. "सही माझी हाय, मॅडम," शीतल म्हणाली आणि आत निघून गेली. काकांनी चहा आणला.

"साखर बरा..." ते मध्येच थांबले. "साखर ठीक हाय ना?"

मी मान हलवली. चहा गोडमिट्ट होता.

आता तंबूत कुणी 'बराबर' म्हणालं, की मी सहीचा पेन हातात ठेवून घेते. आधी आकडा सांग, म्हणते.