ताईंचा चष्मा

आमच्या साड्यांच्या दुकानात शेजारच्या टेबलावरच्या ताई भेस्तान उपनगरातून येतात आणि साड्यांचे फोटो काढतात. हसू आलं की तोंडातून आवाज नाही, चष्मा पुसतात.

मिळत्याजुळत्या साड्या सापडाव्यात म्हणून ते फोटो व्हेक्टर डेटाबेसमध्ये ठेवलेत. ते पानापानाने दाखवणारा कोड माझा. शेठसमोर मी ऐटीत पानं उलटत होतो. शेठ फोनवर बोलता बोलता म्हणाले, "वाह, केटली बधी साडी!" एवढ्या साड्या बघून ते खूश. ताई सारखा चष्मा पुसत होत्या. मला वाटलं, धूळ असेल.

शेठ गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, ती मोरपंखी साडी आता मला ओळखायला लागली."

पुढचं पान कुठून सुरू करायचं, हे कोडला सांगायचंच राहिलं होतं. दर वेळी पहिलंच पान येत होतं.

परवा जेवताना मी कॉलेजातला माझा पराक्रम पुन्हा सांगायला घेतला. ताईंनी डबा बाजूला सारला आणि चष्मा काढला.