अक्का नाटकाला जायच्या

फोन आला तेव्हा मी गच्चीवर शेवया वाळत घालत होते. खाली येऊन पिठाच्या हातानंच रिसीव्हर उचलला. पलीकडून पुतण्या संजय बोलत होता. "काकू, आई गेली. चहा मागितला, आन् चहा आणेस्तोवर..." मंठ्याहून जालन्याची एसटी धरली. खिडकीशी बसले आणि अक्का डोळ्यांसमोर आल्या त्या नेहमीसारख्या, घर आवरून, पायात चपला सरकवून, दाराची कडी हळूच ओढून घेणाऱ्या. "कुठं निघालात अक्का?" असं कोणी विचारलं की त्या भाजी आणायला निघाल्यासारखं सांगायच्या, "नाटकाला." आणि निघायच्या. एकट्या.

त्याला आता महिना होऊन गेला. शकुंतला हे त्यांचं नाव, पण आम्हा सगळ्यांच्या त्या अक्काच. नात्यानं माझ्या थोरल्या जाऊबाई. जालना जिल्हा झाला त्याच वर्षी मी लग्न होऊन भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला आले. त्याच्या आधीच थोरल्या दिरांना नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीच्या कचेरीत नोकरी लागली होती, आणि अक्का त्यांच्यासोबत स्टेशनामागच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या होत्या. त्यामुळं अक्का मला आधी भेटल्या त्या सासूबाईंच्या तोंडून. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. थोरल्या लेकाकडं आठ दिवस राहून त्या परत आल्या, पिशवी ओसरीवर टाकली आणि म्हणाल्या, "मोठी नाटकाला जाती. येकटी." नाटकापेक्षा 'येकटी' या शब्दावर त्यांचा सगळा राग होता. मी चुलीपुढं बसले होते, आणि खरं सांगायचं तर मला धक्का वगैरे बसला नाही. मला प्रश्न पडला, एकटी बाई तिथं जाऊन करते काय?

नाटक म्हणजे मला माहीत होतं ते गावच्या जत्रेतलं. गावातले पुरुषच रंग लावून उभे राहायचे, आम्ही बायका माळवदावर दाटीनं बसायचो. मांडीवर कोणाचं तरी लेकरू, समोर कोणाचं तरी डोकं. राजा मेला की नाही हे दुसऱ्या दिवशी पाण्यावर गेल्यावर कळायचं. एवढ्या बायकांत बसूनही माझ्या वाट्याला नाटक कधी पुरतं आलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीला अक्का गावी आल्या. करंज्या करताना मी धीर करून विचारलं. त्या लगेच सांगायला लागल्या, जणू कोणी विचारील म्हणून थांबल्याच होत्या. दादांना, म्हणजे थोरल्या दिरांना, कचेरीत दोन पास मिळाले होते. ऐन वेळी स्टेशनवर माल आला आणि त्यांना जावं लागलं. पास वाया जाऊ नये म्हणून ते म्हणाले, तू शेजारणीला घेऊन जा. शेजारीण येते म्हणाली आणि आलीच नाही. "मी दारापस्तोर गेल्ते गं. वाटलं, माघारी फिरावं. तेवढ्यात पास बघणाऱ्या माणसानं विचारलं, संगं कोण? म्हणलं, कोणी न्हाई. तर तो म्हणतो, मंग बसा की आत." अक्का हसल्या. "इतकं सोपं आसतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

नाटकाची गोष्ट काय होती, ती मात्र त्यांनी सांगितली नाही. त्या एका बाईबद्दलच बोलत राहिल्या. स्टेजवर नवरा बोलतोय, बोलतोय, आणि ती लोकांकडं पाठ करून साडीची घडी घालतेय. "तिची पाठ ऐकून राह्यली होती बघ. तोंड दिसत नव्हतं, तरी मला सगळं कळत होतं." एवढं बोलून त्यांनी करंजीची कड दुमडली.

आत्याबाईंनी त्यांना रोखायचा प्रयत्न केला. माझ्या नवऱ्याला जालन्याला धाडलं, थोरल्याला समजाव म्हणून. दादा भावाला एवढंच म्हणाले, "मला कशाला इचारतो? ती बसली ना आत, तिला इचार." माझे मिस्टर वहिनीच्या हातचं पोटभर जेवले आणि काही न विचारता परत आले. आत्याबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. पण अक्का गावी आल्या की रात्रीच्या जेवणानंतर आत्याबाई भिंतीकडं तोंड करून आडव्या व्हायच्या आणि भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणायच्या, "औंदा काय दाखवलं मंग?" अक्का पाय दाबत सांगायच्या. मध्येच थांबल्या की भिंतीकडून आवाज यायचा, "झोपले न्हाई मी."

यांची बदली मंठ्याला झाली आणि मला जालना जवळ आलं. एका उन्हाळ्यात मीच म्हणाले, "अक्का, मला बी न्या की." त्यांनी दोन तिकिटं काढली, एक तिसऱ्या रांगेतलं आणि एक पार मागचं. मला वाटलं, शेजारच्या जागा संपल्या असतील. तर म्हणाल्या, "न्हाई, मीच मागितलं तसं. तू म्होरं बस." मला रागच आला. एवढ्या लांबून येऊन वेगळं बसायचं? अक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "संगं बसलं तर मी तुझ्याच तोंडाकडं बघत बसन. तुला आवडून राह्यलं का, तुला गरमून राह्यलं का, तुला घरी जायची जल्दी झाली का... घरी दिवसभर तेच तर करतो आपण. इथं तरी नको."

मी फुगून बसले. पण पडदा उघडल्यावर थोड्या वेळानं लक्षात आलं की माझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांपैकी कोणीच मला ओळखत नाही. मी कोणाची सून, कोणाची आई, हे तिथं कोणाला माहीत नव्हतं. सगळे गप्प असताना मी एकदा मोठ्यानं हसले आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. पुढं एका साध्याच प्रसंगात, म्हाताऱ्या बापाला सोडून मुलगी निघते तेव्हा, माझे डोळे असे वाहिले की पदर ओला झाला... तेही कोणी पाहिलं नाही. ऑटोत बसल्यावर आम्ही एकमेकींना सांगायला लागलो. मी पूर्ण वेळ त्या मुलीकडं पाहत होते, अक्का पूर्ण वेळ बापाकडं. माझ्या मते ती सुटली होती. अक्का म्हणाल्या, "सुटला तर बाप! ती गेल्यावर त्यानं श्वास कसा सोडला, पाह्यलं न्हाई का?" आम्ही भांडत घरी पोचलो. मला वाटतं, अक्काशी माझी खरी ओळख झाली ती त्या ऑटोत.

नंतरची एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं उलगडली नव्हती. स्पर्धेच्या तालमी चालू असताना एका हौशी मंडळातली बाई आजारी पडली. नाटक बसवणारे एक सर होते, ते दोघांना घेऊन अक्कांच्या घरी आले. मी तेव्हा तिथंच होते. सर म्हणाले, "बाई, इतकी वर्षं बघून राह्यलो, तुम्ही एक नाटक सोडत न्हाई. या टायमाला तुम्हीच उभ्या राहा." मला वाटलं, याच दिवसाची वाट अक्का पाहत असणार. दादा आतल्या खोलीतून म्हणाले, "कर की. घरचं मी बघतो." अक्कांनी पाहुण्यांपुढं पाणी ठेवलं.

"न्हाई सर. मला बघायचंय."

"बघणारे लई हायेत, बाई."

"बसणारे लई हायेत," अक्का म्हणाल्या.

सर हसले. अक्का हसल्या नाहीत. मंडळानं कशीबशी दुसरी बाई उभी केली, प्रयोग पडला, आणि त्याचा राग अक्कांवर निघाला. वर्षभर हॉलच्या दारावर त्यांना कोणी 'या' म्हणेना. तरीही त्या जात राहिल्या, तिकीट काढून, मान खाली न घालता. मी विचारलं, "भीती वाटली का अक्का?" त्या म्हणाल्या, "भीती कशाची? तुला जेवण आवडतं, म्हणून लग्नात आचारी हो म्हणलं तर होशील का?"

तरी माझं समाधान झालं नाही. मी बरेच दिवस अक्कांच्या आयुष्यात एखादं दुःख शोधत राहिले. एखादं मोडलेलं स्थळ, एखादी न सांगितलेली गोष्ट... काहीतरी असल्याशिवाय बाई अशी एकटी अंधारात जाऊन बसेल का? पण संसार नीट होता, मुलं गुणी होती, नवरा बोलायचालायला बरा होता. त्यांच्याकडं दडवलेलं काही नव्हतं. त्यांना फक्त दुसरी माणसं बघायची होती, मन भरेपर्यंत. याला कारण लागतं, असं मलाच का वाटत होतं, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

पुढं घरोघर केबल आली, नाटकं कमी झाली, हॉलमध्ये साड्यांचे सेल लागायला लागले. अक्का मिळेल ते पाहायच्या. शाळेचं गॅदरिंग, चौकातलं पथनाट्य, जयंतीच्या आठवड्यात बौद्ध वस्तीतला जलसा. तिथल्या एका शिक्षिकेनं त्यांच्यासाठी पुढं खुर्ची ठेवली, तर त्या मागं सतरंजीवर जाऊन बसल्या. मग गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि शेवटी छातीचं दुखणं आलं.

तेराव्यानंतर सगळे पांगले. मी काही दिवस मागं राहिले. आमच्याकडं थोरला दीर आणि धाकटी भावजय यांनी समोरासमोर बोलायची रीत नाही, आणि इतक्या वर्षांत दादांशी माझं 'जेवायला वाढलंय' याच्यापुढं बोलणं झालेलं नव्हतं. एका दुपारी ऑटोवरचा भोंगा गल्लीतून गेला, कॉलेजच्या मुलांचं नाटक होतं. दादा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "सुनंदाबाई, तुम्ही जाऊन या."

मी म्हणाले, "तुम्ही बी चला की, दादा."

त्यांनी मान हलवली. "लोकांना वाटायचं, मला आवड न्हाई म्हणून मी जात न्हाई. मी संगं गेलो आसतो, तर तिनं घरी येऊन सांगितलं कोणाला आसतं?"

मी गेले. संध्याकाळचा प्रयोग होता, दिवेलागणीनंतर तासाभरात परतले. दादा स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. ओट्याला टेकून ठेवलेला पाट त्यांनी समोर मांडला होता, पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. अक्का तिथंच बसायच्या, ते म्हणाले. मी पाणी प्याले, पाटावर बसले आणि पडदा उघडला तिथून सुरुवात केली. दादांनी हात वर केला.

"तसं न्हाई. आधी शेजारी कोण बसलं होतं, ते. ती तिथून सुरू करायची."

मी आठवायला लागले. उजवीकडं कोणीतरी होतं, डावीकडंही... एक हिरवी बाही आठवत होती, पण चेहरा काही केल्या आठवेना. मी तसं सांगितलं. दादा स्टूल जरा पुढं ओढून म्हणाले, "बरं. पुढच्या टायमाला बघून या. आता नाटक सांगा."